चांगुणाबाईंच्या खोलीतली धूळ

चांगुणाबाई लोह्याजवळच्या एका लहान गावच्या. हाडापेरानं मजबूत, उंच बाई. बौद्धवाड्यात दोन खणांचं घर होतं, शेत नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात गावातली ज्वारी संपली, विहिरी आटल्या आणि सरकारनं रस्त्याचं काम काढलं, तेव्हा त्या आणि त्यांचा नवरा लिंबाजी खडी फोडायला गेले. बोटांना चिंध्या गुंडाळायच्या, उन्हात बसून दिवसभर हातोडी चालवायची आणि दुपारी वाटलेली सुकडी, सरकारी कोरडा खाऊ, खायची. लेकराला त्यातलीच मूठभर पदरात बांधून न्यायची. लेकरू म्हणजे श्रीमंत, त्यांचा एकुलता एक मुलगा.

दुष्काळ सरला आणि बाकीची माणसं शेतमजुरीकडे परतली. ही दोघं मात्र दगडातच राहिली. नांदेडच्या बाजूला यंत्रावर खडी फोडणारा एक क्रशर सुरू झाला होता. तिथं बारमाही काम होतं आणि श्रीमंतला नांदेडला शिकवायचं तर बारमाही कामच हवं होतं. यंत्राच्या तोंडात दगडाच्या पाट्या रिकाम्या करायच्या, एवढंच काम. यंत्र चालू झालं की पांढरी भुकटी उठायची. डोळ्यांच्या पापण्या, केस, भाकरीचं फडकं, सगळं पांढरं व्हायचं. काम सुटलं की बाया एकमेकींकडे बघून हसायच्या, म्हणायच्या, सगळ्याच म्हाताऱ्या झालो की गं.

काही वर्षांनी लिंबाजीला खोकला लागला. क्षय समजून औषधं सुरू झाली. थुंकी तपासली तर क्षय काही निघत नव्हता, तरी दुसरं काय असणार म्हणून औषधं चालूच राहिली. अंगावरचं मांस उतरत गेलं आणि एका उन्हाळ्यात तो गेला. चांगुणाबाई दिवस झाल्यावर पुन्हा क्रशरवर गेल्या. श्रीमंतचं कॉलेज अजून व्हायचं होतं.

ब्याऐंशी साली उस्मानाबादमधून लातूर वेगळा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला नवी ऑफिसं लागली आणि ऑफिसांना कारकून. श्रीमंतला लातूरला नोकरी मिळाली. पुढं त्याचं लग्न झालं. बायको सिंधू नांदेडच्या एका शाळामास्तरांची मुलगी, बारावी शिकलेली, कामाला चटपटीत. ती घरात आली आणि मगच चांगुणाबाईंनी काम सोडलं. लातूरला मुलाकडे राहायला आल्या त्या एक पत्र्याची पेटी आणि छातीत बसलेला दम घेऊन.

शहराच्या कडेला, नव्यानं पाडलेल्या प्लॉटांमध्ये श्रीमंतनं भाड्यानं घर घेतलं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढं ओटा. नवा जिल्हा म्हणजे सगळीकडे खोदकाम. इकडे ऑफिसची इमारत, तिकडे रस्ता, पलीकडे कुणाचा बंगला. मुरमाचे ट्रक दिवसभर दारावरून जायचे. झाडं नव्हतीच. सिंधू सकाळी झाडून घ्यायची आणि दुपारी पुन्हा फरशीवर बोट फिरवलं तर रेघ उमटायची. पण पाणी होतं तोवर तिला त्याचं काही वाटलं नाही. ती दोन वेळा फरशी पुसायची.

मग शहाऐंशी साल आलं. पाऊस नावाला आला आणि गेला. दिवाळीनंतर नळ कधी येईल त्याचा नेम राहिला नाही. उन्हाळा लागता लागता गल्लीत टँकर सुरू झाला आणि बाया घागरी घेऊन त्याच्यामागे धावू लागल्या. प्यायला, स्वयंपाकाला, अंघोळीला पाणी पुरवता पुरवता सिंधूच्या नाकी नऊ यायचे, फरशी पुसायला कुठून आणणार? कोरडाच झाडू मारायचा. झाडू मारला की धूळ उठायची आणि चांगुणाबाई खाटेवर उठून बसायच्या. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून, मान पुढं काढून त्या श्वास शोधायच्या. सिंधूनं झाडू खाली ठेवावा तर घरात धूळ, उचलावा तर सासूचे हाल.

श्रीमंत आईला एका डॉक्टरांकडे घेऊन गेला. छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी चांगुणाबाईंना बाहेर बाकावर बसवलं आणि फोटो उजेडापुढं धरून श्रीमंतला दाखवला. दोन्ही बाजूंना बारीक ठिपके पसरले होते. ही दगडाची धूळ आहे, आत जाऊन बसली आहे, ती आता निघत नाही आणि फुप्फुस हळूहळू दगडासारखं घट्ट होत जातं, असं त्यांनी सांगितलं. औषध नाही. त्रास कमी व्हावा म्हणून गोळ्या द्यायच्या, एवढंच. श्रीमंतनं विचारलं, काहीच करता येणार नाही का? डॉक्टर म्हणाले, घरात धूळ होऊ देऊ नका, म्हणजे निदान वरून आणखी त्रास नको.

श्रीमंतनं घरी येऊन फक्त शेवटचं वाक्य सांगितलं. डॉक्टर म्हणाले, घरात धूळ नको.

सिंधूनं ते वाक्य मनावर घेतलं. धुळीनं त्रास होतो, तर धूळ गेली की बाई बरी होईल, असा सरळ हिशेब तिनं केला. धूळ ओढून घेणारं मशीन मिळतं, हे तिनं मासिकातल्या जाहिरातीत बघितलं होतं. तिनं श्रीमंतला म्हटलं आणि तो लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच की तिला जरा नवल वाटलं.

घरोघरी फिरून असली मशीनं दाखवणारा एक विक्रेता त्या सुमाराला लातुरात होता. रेवणसिद्ध नाव, उदगीरकडचा, उन्हातसुद्धा टाय बांधलेला. रविवारी सकाळी तो आला. मशीन बघायला शेजारच्या रुद्राणीबाईही आल्या आणि उंबऱ्याच्या आत न येता दारातच उभ्या राहिल्या. त्या लिंगायत घरच्या. वागायला गोड, टँकरच्या रांगेत सिंधूची घागर पुढं सरकवणाऱ्या, पण या घरात त्यांनी कधी पाणी घेतलं नव्हतं.

रेवणसिद्धनं चाकांवरचं ते लांबट मशीन जमिनीवर ठेवलं, नळी जोडली आणि नळीच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलं. मग सिंधूच्या गादीवर नळी फिरवली. मशीन बंद करून त्यानं फडकं सोडलं. मधोमध काळ्या धुळीचा गोल बसला होता. तो फडकं सगळ्यांपुढं फिरवत म्हणाला, "बघा ताई, तुम्ही रोज यावर झोपता. एवढी घाण तुमच्या घरात आहे, तुम्हाला दिसत नाही एवढंच."

रुद्राणीबाईंनी वाकून बघितलं आणि पदर नाकाला लावला. कदाचित नुसता धुळीसाठीच लावला असेल. पण सिंधूच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. लहानपणी शाळेत तिच्या बाकावर कुणी बसायचं नाही. तिची आई तिचे कपडे रोज धुवायची, नीळ घालायची, वेणीला तेल लावून ती चापून बसवायची. आपल्याकडे बोट दाखवायला कुणाला जागा राहू नये, म्हणून. लग्नानंतर सिंधूनंही घर तसंच ठेवलं होतं. आणि हा माणूस तिच्या गादीतली घाण फडक्यावर घेऊन शेजारणीला दाखवत होता.

त्यानंतर त्यानं मशीन उघडलं आणि आतली कापडी पिशवी काढून झटकून दाखवली. खोलीत ढग उठला. चांगुणाबाई खाटेवरून खाली आल्या, भिंतीला धरून दाराकडे निघाल्या आणि अर्ध्या वाटेत बसल्या. श्रीमंतनं त्यांना उचलूनच ओट्यावर नेलं. बराच वेळ त्यांना बोलता आलं नाही. रेवणसिद्ध बिचारा घाबरला. पुन्हा पुन्हा माफी मागू लागला.

तो गेल्यावर श्रीमंत म्हणाला, मशीन वाईट नाही, पिशवी बाहेर नेऊन झटकली तर चालेल. सिंधू म्हणाली, "ते या घरात येणार नाही."

पण त्या सकाळी तिला एक गोष्ट कळली होती. मशीन धूळ किती ओढतं हे महत्त्वाचं नाही, ओढलेली धूळ जाते कुठं हे महत्त्वाचं. पुढं ती दुकानात जाईल तिथं मशीन चालू करायला लावायची आणि मागच्या बाजूला, जिथून हवा बाहेर येते तिथं, तोंड नेऊन उभी राहायची. गंजगोलाईच्या बाजारातल्या दुकानदारानं तिला हातात धरायचं छोटं मशीन दाखवलं. ते मोटारीच्या सीटसाठी होतं आणि त्याच्या मागून गरम, धुरकट हवा यायची. दुसऱ्याकडे कागदी पिशवीचं होतं, पण त्या पिशव्या मुंबईहून मागवाव्या लागायच्या. श्रीमंत प्रत्येक रविवारी तिच्याबरोबर जायचा. ऑफिसातल्या लोकांना विचारून पत्ते आणायचा. दोघं ऊन उतरल्यावर परत यायची, तोवर चांगुणाबाई एकट्याच ओट्यावर भिंतीला टेकून बसलेल्या असायच्या. मिळालं का, असं त्या विचारायच्या. अजून नाही, पण मिळेल, असं सिंधू सांगायची.

शेवटी ते नांदेडला मिळालं. माहेरी गेलेली असताना सिंधू वडिलांना घेऊन वजिराबादच्या बाजूला एका दुकानात गेली. दुकानदार हॉटेलांना आणि थिएटरांना सामान पुरवायचा. त्याच्याकडे पिंपासारखं एक लोखंडी मशीन पडून होतं. तळाशी पाणी घालायचं, मग ओढलेली धूळ त्या पाण्यात बुडायची आणि वर उडायची नाही. सिंधूनं दुकानातला कोपरा साफ करायला लावला आणि मागं जाऊन उभी राहिली. हवा स्वच्छ होती, थोडी ओली. झाकण काढल्यावर तळाशी गढूळ पाणी दिसलं, बस. वडील म्हणाले, अगं, लातूरला प्यायला पाणी नाही आणि तू पाणी पिणारं मशीन नेतेस? ती म्हणाली, भाजी धुतलेलं पाणी घालीन, कपड्यांचं घालीन. पण हेच नेईन.

तिला न्यायला आलेल्या श्रीमंतनं ते पिंप बसच्या टपावर बांधून लातूरला आणलं. वाटेत लोहा लागलं, अहमदपूर लागलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची शेतं उघडी पडली होती आणि बस पुढं जाईल तशी धूळ मागं उठत होती. खिडकीतून सिंधू पुन्हा पुन्हा टपाकडे बघायचा प्रयत्न करत होती. बऱ्याच दिवसांनी तिला बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाईट आली तशी तिनं तळाशी पाणी घातलं आणि चांगुणाबाईंच्या खोलीत मशीन चालू केलं.

आवाज मोठा होता. दुकानात, रस्त्याच्या गर्दीत, तो एवढा जाणवला नव्हता. इथं चार भिंतींत तो घुमला. लोखंडी पिंप थरथरत होतं, आत शिरलेले बारीक खडे पत्र्यावर आपटत होते. सिंधू खाटेखालून नळी फिरवत होती. तिनं सहज वर बघितलं. चांगुणाबाईंनी पदर नाकातोंडावर घट्ट बांधला होता आणि डोळे मिटून घेतले होते. हवेत धूळ अजिबात नव्हती. सिंधूनं मशीन बंद केलं, तरी त्यांनी पदर सोडला नाही. काय झालं, असं तिनं विचारलं, तर त्या काही नाही म्हणाल्या आणि मशीन चांगलं असल्याचं सांगितलं.

दोन-तीन दिवस असंच झालं. मग सिंधूच्या लक्षात आलं की लाईट आली, की सासू, तिच्या आत्या, आपणहून उठतात आणि बाहेर जातात. बाहेर ओट्यावर रस्त्याची धूळ होतीच. रुद्राणीबाईंनी ते बघितलं आणि त्यांना आपल्या ओट्यावर बसवून घेऊ लागल्या. त्यांच्या ओट्याला जाळी होती, एक कडुनिंब होता. मशीन चालू असेपर्यंत चांगुणाबाई तिथं बसायच्या. आत या, असं रुद्राणीबाई कधी म्हणाल्या नाहीत आणि चांगुणाबाईंनीही तशी अपेक्षा केली नाही.

मशीनचा उपयोग झाला नाही असं नाही. खोलीत खरंच धूळ राहिली नाही. चांगुणाबाई काही दिवस आडव्या होऊन झोपल्या, नाहीतर त्या बसूनच डुलक्या काढायच्या. सिंधूनं ते श्रीमंतला आनंदानं सांगितलं. तो हसला, पण त्याचं हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही.

चैत्रात दम पुन्हा वाढला. धूळ नसताना वाढला. ओठ निळे दिसू लागले. सिंधूला वाटलं, आपलंच कुठंतरी चुकतंय. ती दिवसातून दोनदा मशीन फिरवू लागली. खाट ओढून, पेटी हलवून, भिंतीसुद्धा. एका दुपारी ती अशीच नळी जोडत असताना चांगुणाबाईंनी तिचा हात धरला आणि तिला खाटेवर बसवलं.

"सिंधू, बस कर आता. माझ्यातला दगुड ह्या मशीननं निघत न्हाई, बाई."

सिंधू म्हणाली, असं कसं, डॉक्टरांनीच सांगितलंय. चांगुणाबाई श्वास घेत घेत, थांबत थांबत बोलत राहिल्या. त्यांनी नवऱ्याला असंच जाताना बघितलं होतं. त्यांच्याबरोबर पाट्या टाकणाऱ्या बाया एकेक करून अशाच गेल्या होत्या. डॉक्टरांनी श्रीमंतला आत काय सांगितलं हे त्यांनी ऐकलं नव्हतं, पण बाहेर आलेल्या मुलाचं तोंड त्यांनी बघितलं होतं.

"मग तुम्ही बोलल्या काहून न्हाईत? आम्ही गावोगाव मशीन बघत हिंडलो."

"त्याला कायतरी करावं वाटत होतं. करू दिलं," चांगुणाबाई म्हणाल्या. "तूबी लई मनापासून करून राहिली होतीस. तुला काय सांगावं?"

आवाजाचंही त्यांनी तेव्हाच सांगितलं. मशीन चालू झालं की क्रशरच्या तोंडाशी उभं राहिल्यासारखं वाटतं, लिंबाजी पलीकडे पाटी घेऊन उभा असल्यासारखा वाटतो, म्हणून बाहेर जाते. सिंधूनं नळी काढून ठेवली. त्या दिवसापासून ती खोलीत ओलं फडकं तेवढं फिरवायची आणि उरलेला वेळ सासूजवळ बसायची. पण आता चांगुणाबाईंना बोलणं जमत नव्हतं. दोन शब्दांमध्ये लांब थांबावं लागायचं आणि पुढं पुढं त्यांनी बोलणंच सोडलं.

श्रीमंत ऑफिसातून आल्यावर सिंधूनं त्याला स्वयंपाकघरात विचारलं. त्यानं नाकारलं नाही. फोटोतले ठिपके, डॉक्टरांचं बोलणं, सगळं सांगितलं. तुला सांगितलं असतं तर घरात रडारड झाली असती, मायला कळलं असतं, असं तो म्हणाला.

"त्यांना कळलेलंच होतं," सिंधू म्हणाली. "कळलं नव्हतं ते मला. मला सांगितलं असतं तर मी इतके रविवार दुकानांत घालवले नसते. त्यांच्याजवळ बसले असते. तेव्हा त्या बोलत होत्या."

श्रीमंत पाटावर बसून राहिला. ताटातली भाकरी त्यानं मोडली नाही.

चांगुणाबाई वैशाखात गेल्या. नांदेडच्या सरकारी दवाखान्यात नेताना वाटेतच, अहमदपूरच्या पुढं. त्यांचं गाव जवळच होतं, म्हणून गाडी तिकडेच वळवली. गावात पाणी नव्हतं. शेवटच्या अंघोळीसाठी भावकीतल्या बायांनी आपापल्या घागरीतून तांब्या तांब्या आणून दिलं. बुद्धवंदना झाली, माती झाली. श्रीमंत रडला नाही. सगळं आटोपल्यावर तो लातूरला गेला, कारण ऑफिसात टंचाईची कामं निघाली होती आणि रजा मिळत नव्हती.

सिंधू मात्र गावातच थांबली. कुणी थांबवलं नव्हतं. चांगुणाबाईंची धाकटी बहीण धोंडाबाई तिथं राहायची, शेळ्या राखायची. तिच्या घरात सिंधू राहिली. श्रीमंतशी ती महिनाभर कामापुरतंच बोलली होती आणि त्या घरात, त्या स्वच्छ खोलीत, एवढ्यात परत जावंसं तिला वाटत नव्हतं.

धोंडाबाई बोलकी होती. दुपारी बाभळीखाली बसून ती बहिणीबद्दल सांगायची. चांगुणा लहानपणी नाल्याला पूर आला तरी पोहून पलीकडे जायची. खडीच्या कामावर मुकादमाची हुबेहूब नक्कल करायची, चालणं, पान थुंकणं, हाक मारणं, आणि एकदा मुकादम मागं उभा राहून बघत होता तरी तिला कळलं नाही. त्यानंही हसून सोडून दिलं. तिला पाळण्याची गाणी इतकी यायची की गावातल्या प्रत्येक बारशाला तिलाच बोलवायचे. सिंधू ऐकत राहिली. यातलं तिला काहीच माहीत नव्हतं. तिच्या घरी आली ती बाई दम घेऊनच आली होती आणि तिच्या घरात त्या बाईच्या श्वासाखेरीज कशाबद्दल कुणी बोललंच नव्हतं.

पंधरवड्यानं श्रीमंत तिला न्यायला आला. वाळला होता, दाढी वाढली होती. धोंडाबाईच्या दारात तो उन्हात उभा राहिला, आत येऊ की नको अशा विचारात. सिंधूनं त्याला बसायला घोंगडं टाकलं. पाणी दिलं. मग तिनं विचारलं, आत्यांना मुकादमाची नक्कल यायची हे तुम्हाला माहीत होतं का?

श्रीमंतनं मान हलवून नाही म्हटलं. तो म्हणाला, "माय हसताना मला फारशी आठवतच न्हाई."

धोंडाबाई शेळ्यांना पाला टाकत होती. तिनं हातातलं काम ठेवलं, पदरानं तोंड पुसलं आणि त्या दोघांच्या समोर येऊन बसली. मुकादम कसा होता इथपासून तिनं पुन्हा सांगायला सुरुवात केली.